गॅरेजमधली हवा

४ मार्च, मंगळवार

मीटर आला. तळहाताएवढा, पांढरा. वर उष्णता दाखवतो, खाली हवेतली ओल. सोबतच्या कागदावर लिहिलंय की रोज ठरलेल्या वेळी आकडे टिपून ठेवावेत. म्हणून ही वही. लेकीच्या कपाटात कोरी पडली होती. मी शाळेत पाचवीपर्यंत गेलो, त्यानंतर जे काही लिहिलं ते पेन्सिलीनं लाकडावर. अक्षर कसंही येवो, बघणारं कोणी नाही.

सकाळी आठ: उष्णता एकतीस, ओल अडुसष्ट.

अडुसष्ट फार झाली. मला पंचेचाळीस ते पन्नासच्या मध्ये हवी आहे.

कशासाठी तेही लिहून ठेवतो, उद्या डोकं फिरलं तर मलाच वाचायला बरं. चाळीस वर्षं मी एका दुकानात व्हायोलिनं दुरुस्त केली. फुटलेली, उकललेली, पावसात भिजलेली, एक तर बैलगाडीखाली आलेलं. अख्खं एक मात्र कधी केलं नाही. दुकान बंद झालं तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी मला पांढऱ्या लाकडाच्या दोन फळ्या दिल्या. एकाच खोडातल्या, पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन पानांसारख्या. त्या कडेला कड लावून जोडायच्या, मग त्यातून व्हायोलिनचं पोट कोरायचं. "तीस वर्षं वाळल्यात," एवढंच म्हणाले.

वरच्या आमच्या खोलीत दोनदा जोडल्या. दोन्ही वेळा उन्हानं सांधा उकलला. दर वेळी कड रंध्यानं नव्यानं साफ करावी लागते आणि फळी केसभर अरुंद होते. आता एकदाच जमेल. आणि उजवा अंगठा गेल्या वर्षापासून थरथरतो. म्हणजे यंदा, नाहीतर नाही.

९ मार्च, रविवार

गॅरेज मिळालं!

जावयानं गाडी विकल्यापासून ते रिकामंच आहे. मी काही मागितलं नाही. जेवताना फक्त म्हटलं की खालची हवा स्थिर असते. तीनदा म्हटलं असेन. जावई म्हणाला, "बाबा, त्या खोलीचं आम्ही जरा वेगळं..." आणि लेकीकडे बघायला लागला. लेक तिच्या आईकडे. ही ताटातून मान वर न करता म्हणाली, "द्या त्यांना. एकदाचं होऊ दे ते व्हायोलिन. नाहीतर मेल्यावरही फळ्या छातीशी धरून बसतील."

मी हसलो. लेक ताट तसंच टाकून उठली. तिला हल्ली भूक कमी लागते.

१७ मार्च, सोमवार

वायरमन आला. बोलका माणूस. पेन्सिल कानावर, टेप कमरेला. भिंतीजवळ वाकून विचारतो, "काका, उशाशी स्विच इथेच ना?"

"कसली उशी?"

"खाट इथं येणार ना? ताईंनी मागच्या महिन्यात मापं दिली होती."

"इथं कामाचं टेबल येणार. खाट-बिट काही नाही."

त्यानं कान खाजवला. "मग मी दुसऱ्या घराचं ध्यानात ठेवलं असेल. आमच्या डोक्याची वायर कधीमधी ढिली होते."

अशा माणसाच्या हाती वीज द्यायची म्हणजे जीव मुठीत. तो गेल्यावर प्रत्येक स्विच मी काठीनं दाबून पाहिला.

शटरला आतून थर्माकोल ठोकला, त्यावर प्लायवूड. फटींना फोमची पट्टी. छताखालचा झरोका तेवढा उघडा ठेवलाय, तो नंतर बघू.

ही चहा घेऊन आली. म्हणाली, "लाकडाला थंडी वाजली तर सांगा, शाल आणते." जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबली. मी खालून विचारलं, काय गं? म्हणाली, पायऱ्या मोजतेय. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, हिला मोजायचा छंद आहे हे आज कळलं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी आठ: उष्णता चोवीस, ओल सत्तेचाळीस.
दुपारी बारा: उष्णता चोवीस, ओल सत्तेचाळीस.

पुन्हा पुन्हा पाहिलं. मीटर बिघडला तर नाही ना म्हणून त्यावर फुंकर मारली. झर्रकन साठच्या वर गेला, मग हळूहळू खाली आला. जिवंत आहे.

न्हाव्याच्या दुकानातून निघालेला एसी भिंतीवर बसवलाय. कोपऱ्यात हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र. त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नाही, मी त्याला ओल-ओढ्या म्हणतो. पोटात बादली आहे, दिवसभरात अर्धी भरते. त्याचा खडखडाट फार, पण मला आवडतो. कोणीतरी शेजारी बसून पाय हलवत असल्यासारखं वाटतं.

दार लावलं की रस्ता दूर जातो. रिक्षा, कुत्री, भांडणं, सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी येते, टेबलावरून चालत चालत दुपारी फळ्यांवर येऊन थांबते. फळ्या मधासारख्या दिसतात. आज तसंच बघत बसलो. हात लावला नाही. लाकडाला नव्या हवेची सवय व्हायला तीन आठवडे द्यायचे आहेत. त्या वेळात हवा हलता कामा नये, नाहीतर आणखी दिवस वाढतात.

गॅरेजमध्ये पूर्वीपासून पडलेली आरामखुर्ची ठेवून घेतली. तिच्यात डोळा लागला. स्वप्नात मी व्हायोलिनच्या आत होतो. चहूबाजूंनी लाकडाच्या गोल भिंती, वर दोन वाकड्या फटी आणि त्यातून ऊन. बाहेरून कोणीतरी बोटानं टकटक करून ऐकत होतं, आपण कलिंगडावर टिचकी मारतो तसं. मी आतून ओरडत होतो, अजून पिकलेलं नाही, अजून नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी आठ: ओल सेहेचाळीस.
दुपारी साडेचार: ओल छपन्न.

छपन्न! दोन वाजता मी वर झोपायला गेलो तेव्हा सेहेचाळीस होती. अडीच तासांत दहा चढली. रात्री नऊला पुन्हा सत्तेचाळीस. काहीतरी आत येतंय.

६ एप्रिल, रविवार

रोज तेच. सकाळी ठीक, बाराला ठीक, दोनला ठीक. साडेचारला पंचावन्न, छपन्न, काल अठ्ठावन्न.

आज पातळ कागदाची पट्टी घेऊन सगळ्या फटींपाशी धरली. वारा असेल तर कागद हलतो. माझा हातच हलतो, त्यामुळे नक्की कळेना. शेवटी कागद काठीला बांधला आणि काठी खुर्चीला.

जावई दारात उभा राहून बघत होता. "बाबा, चोर सापडला का?"

"दुपारी दोन ते साडेचारच येतो."

"मग सरकारी नोकर असेल, जेवणाच्या सुट्टीत येत असेल."

मी हसलो नाही. तोही मग हसायचा थांबला. मला विचारलं, "बाबा, एवढा फरक पडतो त्यानं?" मी म्हटलं, पडतो. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात आतून लेकीनं हाक मारली.

झरोका बंद केला. प्लायवूड, फोम, वर चिकटपट्टी. उजेडाची पट्टी गेली. वाईट वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

झरोका बंद करून काही उपयोग नाही. उलट साठवर गेली.

एक विचित्र गोष्ट. ओल वाढते तर ओल-ओढ्याच्या बादलीत पाणी जास्त यायला हवं. पण कमी येतं. पूर्वी अर्धी भरायची, आता पाव. यंत्र म्हातारं झालं असेल. पण मी खोलीत असताना चांगलं खडखडत असतं. मी नसताना कामचुकारपणा करतं की काय?

परवा आरामखुर्चीच्या कापडावर हात ठेवला तर उबदार लागलं. यंत्राची गरम हवा तिकडे जात असणार. खुर्ची सरकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या जागी. मीच सरकवली असेन. हल्ली विसरायला होतं. या वयात एकेक खिळा निघतो म्हणतात.

स्वप्न पडलं: फळ्या श्वास घेत होत्या. हळू, एक वर, एक खाली. मी म्हणत होतो, जरा थांबा, मला बघू द्या, बरोबर चाललंय ना. त्या थांबल्या आणि मी घाबरून उठलो. शेजारी ही नव्हती. दुपारची ती खाली लेकीला भाजी निवडून देते. सारखं वर-खाली नको म्हणते. आळशी झाली आहे.

१४ एप्रिल, सोमवार

लख्ख कळलं. जावई! ऑफिस घरूनच आहे त्याचं. दुपारी माझी झोप साधून तो आत सिगारेट ओढत असणार. लेकीला चोरून. वास येऊ नये म्हणून काहीतरी फवारत असेल, त्याची ओल. म्हणूनच त्या दिवशी चाचपून बघत होता, एवढा फरक पडतो का म्हणून.

तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. जावई आहे, त्याच्याच घरात राहतो आपण. गॅरेजची किल्ली बाहेर खिळ्यावर असते, ती आज दुपारी काढून घेतली आणि उशाखाली ठेवून झोपलो.

साडेचार: ओल सेहेचाळीस.

सेहेचाळीस!

१५ एप्रिल, मंगळवार

दिवसभर सेहेचाळीस. सत्तेचाळीससुद्धा नाही. गड सर केला. आणखी आठ दिवस असेच गेले की सांधा जोडायचा.

ही आज दुपारी वर येऊन माझ्या शेजारी पडली. म्हटलं, आज भाजी नाही वाटतं? पदरानं मान पुसली. चेहरा लाल झाला होता, तोंड उघडं ठेवून झोपली. वर उकडतंच फार. मी पंखा तिच्याकडे वळवला.

रात्री जेवताना लेकीनं विचारलं, "बाबा, गॅरेजची किल्ली कुठे आहे?" मी म्हटलं माझ्याकडे. "खिळ्यावर का नाही?" मी जावयाकडे बघून म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळलं." जावई माझ्याकडे बघतच राहिला. बिचारा, रंगेहाथ सापडला. ही मध्येच म्हणाली, "राहू दे गं. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

१७ एप्रिल, गुरुवार

लिहवत नाही, पण लिहितो.

दुपारी तीनच्या सुमाराला लेकीची किंकाळी. मी धावत बाहेर आलो तर ही जिन्यात. सहाव्या पायरीवर बसलेली, डोकं कठड्याला टेकलेलं, ओठ निळसर. हातात वर आणायचं धुतलेलं पांघरूण, ते छातीशी धरलेलं. डोळे उघडे होते. मला म्हणाली, "काही नाही, मोजतेय."

जावयानं तिला उचललं. एखादी चादर उचलावी तसं. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलंय या वहीत.

दवाखान्यात ठेवून घेतलंय.

आज आकडे टिपले नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डॉक्टर म्हणाले. नवीन नाही. हिवाळ्यातच सांगितलं होतं: जिना चढायचा नाही, गरम कोंदट हवेत राहायचं नाही. सांगितलं होतं! कोणाला?

बाकावर लेक बसली होती. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. तिनं औषधांची पिशवी बाजूला ठेवली. मग बांध फुटला.

"तुम्हाला काय सांगायचं, बाबा? माझा दात काढला तेव्हा तुम्हाला चक्कर आली होती. आईच म्हणाली, त्यांना सांगू नका, आधी त्यांनाच दाखल करावं लागेल. ते गॅरेज आम्ही तिच्यासाठी रिकामं केलं होतं. तिची खाट तिथे येणार होती. गाडी त्यासाठी विकली. तुम्ही जेवताना तीनदा म्हणालात, खालची हवा, खालची हवा. आणि तिनं देऊन टाकलं. वर मला शपथ घातली."

मी म्हटलं, "मग दुपारी..."

"दुपारी तुम्ही झोपलात की ती तिथे जायची. तुमच्या खुर्चीत. तुमच्या त्या यंत्राच्या खडखडाटानं झोप लागत नाही म्हणून बंद करायची, आणि तुम्ही उठायच्या आत चालू करायची. एसीच्या हवेत तासभर बरं वाटायचं तिला."

म्हणजे तो तिचा श्वास होता. मी पट्ट्या लावून, फोम ठोकून दहा-बारा दिवस ज्याला हुडकत होतो तो.

२० एप्रिल, रविवार

ती घरी आली. दिवाणखान्यात सोफ्यावर झोपवलंय.

ही वही कोणी बघणार नाही म्हणून खरं लिहितो. काल आणि आज मी एक विचार केला, आणि तो चांगला नव्हता. मनात म्हटलं, दिवाणखान्यात एसी बसवता येईल. नाहीतर आठ दिवसांत सांधा जोडून घ्यावा आणि मग खोली द्यावी. आठ दिवसांनी काय होतंय? मग हेही मनात आलं की पोट कोरायचं राहील, बाजूच्या लाकडी बरगड्या वाकवायच्या राहतील, आठ दिवसांचे आठ महिने होतील. तरी विचार थांबेना. गॅरेजमध्ये जाऊन बसलो. ओल सेहेचाळीस. फळ्या शांत. एवढी सुंदर हवा आणि आत कोणी नाही.

मग उठलो आणि झरोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढली. उजेड आला तशी भिंतीवर वायरमनची पेन्सिलीची खूण दिसली. एक रेघ, आणि तिच्या बाजूला लिहिलेलं, "काकू उशी".

२३ एप्रिल, बुधवार

खाट लागली. जावयानं आणि मी मिळून कामाचं टेबल बाहेर ओसरीवर नेलं. अर्ध्या वाटेवर मी थांबलो आणि त्याला म्हटलं, "मी समजत होतो तू आत सिगारेट ओढतोस."

तो म्हणाला, "बाबा, सोडून सहा वर्षं झाली."

"मला माफ कर."

"आधी टेबल खाली ठेवू या. मग करतो."

डॉक्टर म्हणालेत, खोलीत भुसा नको, पॉलिशचा वास नको. म्हणजे तिथे काम नाहीच. फळ्या कापडात गुंडाळून वर न्यायला निघालो. हिनं खाटेवरून विचारलं, "कुठे?"

"वर."

"वर उकलतील त्या."

"उकलू देत."

"शहाणेच आहात. माझ्या खाटेखाली सरकवा. मला चालतं ते त्यांना चालेल. भुसा बाहेर पाडा, लाकूड आत ठेवा. एवढं चाळीस वर्षांत मालकांनी शिकवलं नाही?"

नाही शिकवलं.

२ मे, शुक्रवार

असं चाललंय. सकाळी सहाला ओसरीवर हवा बरी असते. तेव्हा फळी बाहेर आणतो, कड साफ करतो. अर्ध्या तासानं आतून हाक येते, "पुरे. आणा तिला आत." तिला म्हणजे फळीला. घड्याळ उशाशी घेऊन बसते. एक मिनिट उशीर झाला की म्हणते, "तुमची ती बाहेर घाम गाळतेय."

ओल-ओढ्या रात्री चालवतो, ती दिवाणखान्यात टीव्ही बघते तेव्हा. दुपारी बंद. दुपारी बावन्न असते, कधी त्रेपन्न. रोज तेवढीच, त्यामुळे लाकडाची तक्रार नाही. हलणारी हवा वाईट. हिची हवा हलत नाही.

दुपारी मी आता वर जात नाही. खाटेशेजारी आरामखुर्ची आहे. रस्ता पाण्याखाली असतो. कधी झोप लागते, कधी नाही, कधी कळतच नाही कोणती बाजू जागी आहे.

१४ मे, बुधवार

आज सांधा जोडला.

सरस गरम केला, मधासारखा पातळ. सरसाला घाई असते. लावायचा, दोन्ही कडा एकमेकींवर घासून हवा काढायची आणि धरून ठेवायचं, अजिबात न हलता, गार होईपर्यंत. पूर्वी मी एकटा करायचो. आता माझा अंगठा त्या कामाचा नाही. जावयाला विचारणार होतो, तर ही उठून बसली. "मला द्या. बसून धरायला झडप लागत नाही."

ती खाटेच्या कडेला, मी समोर खुर्चीत. मध्ये फळ्या उभ्या. तिचे हात वरून, माझे खालून. घासल्या, जागेवर आल्या, सरसाची बारीक रेघ सांध्यातून बाहेर आली. म्हटलं, "आता धर. हलू नकोस."

"बोललं तर चालेल?"

"बोल. हात हलता कामा नयेत."

पण ती बोलेना. झरोक्यातून ऊन आलं होतं, तिच्या मनगटावर. मनगटं किती बारीक झालीत. मला उठून जाता येत नव्हतं, पाणी प्यायला जातो म्हणता येत नव्हतं, दुसरीकडे बघताही येत नव्हतं. म्हणून विचारलं.

"दम कधीपासून लागतो तुला? खरं सांग. डॉक्टर आणखी काय म्हणालेत तेही."

"सांगितलं तर घाबराल."

"घाबरणार," मी म्हटलं. "तू सांग."

मग सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, एकेक. मी घाबरलो. हात हलवले नाहीत.

तिचं सांगून झालं तेव्हा ऊन मनगटावरून भिंतीवर गेलं होतं. सरस कधीच धरला होता. आम्ही दोघं तशीच फळी धरून बसलो होतो.